परिशिष्ट, तिसरं प्रूफ

भद्रकालीत, पिंजाऱ्याच्या दुकानावर आमचा छापखाना.
खाली कापूस उडायचा, वर शाई वाळायची.
झैबुन्निसा कोकणी, निवृत्त शिक्षिका, विषय मराठी व्याकरण,
दर बुधवारी तो लाकडी जिना चढायच्या,
पिशवीत पानं, पानांखाली दूध बाजारातली नानकटाई,
जी मला मिळत नसे
चुका मोजून होईपर्यंत.

पुस्तक कॉलेजच्या मुलांसाठी.
माझ्या वाट्याला शेवटची बावीस पानं: शब्दांचे अर्थ.

पहिल्याच शब्दाला अडलो.
आयत.
समासात लिहिलं: समोरासमोरच्या बाजू समान?
बाई हसल्या नाहीत.
आयत म्हणजे खूण, म्हणाल्या. नुसती ओळ नव्हे.
पाऊस, उंट, रात्र सरून येणारा दिवस,
त्याही आयतीच.
फक्त आयत्या मिळत नाहीत. वाचाव्या लागतात.

मग वही.
बाई, ही शंभर पानी की दोनशे?
हिला पानंच नव्हती, त्या म्हणाल्या.
ती उतरायची तेव्हा कडाक्याच्या थंडीत
कपाळावर घाम यायचा, असं सांगतात.
मग लिहिणाऱ्याला जे सापडेल ते:
खजुरीचा देठ, पातळ दगड, उंटाच्या खांद्याचं हाड.
तुझी वही फार नंतरची.

मक्की आणि मदनी मी गावांप्रमाणे लावून टाकले होते.
त्यांनी लाल रेघ मारली.
गावावरून नाही, हिजरतीवरून बघ. आधीची की नंतरची.
तू नाही का म्हणत, महापुराआधीचं दुकान?
म्हणत होतो.
पाणी दुतोंड्या मारुतीच्या डोक्यावरून गेलं त्या साली
आमचे खिळे, आमची केसं, गाळात गेली सगळी,
अजून आम्ही त्या दिवसापासून मोजतो.
तरी आम्ही परत त्याच गल्लीत आलो.
त्यांना परतायला आठ वर्षं लागली, बाई म्हणाल्या,
आणि परतूनही राहिले मदिनेतच.

नस्ख.
नंतरचा हुकूम आधीच्या हुकमाला बाजूला ठेवतो.
म्हणजे खोडतो, मी म्हटलं, हे माझंच काम.
नाही रे. तू खोडतोस ते केरात जातं.
इथं पाळायचं नवं,
आणि जुनं तसंच, जागच्या जागी, वाचलं जातं.
त्या दिवशी मी केराची टोपली
जरा हळू रिकामी केली.

टिंबांवरून तर भांडणच झालं.
जईफच्या ज खाली मी हौसेनं नुक्ता दिला,
त्यांनी नखानं खरवडून काढला.
मराठीत नको. आणि ऐक,
जुन्यात जुन्या प्रतींत टिंबं जवळजवळ नव्हतीच.
ब, त, न, सगळ्यांचा एकच दात.
मग वाचायचे कसे?
पाठ असायचं.
ज्याला पाठ असतं त्याला कागद फक्त आठवण देतो.
अनुस्वारावर पोट भरणारा मी,
घटकाभर गप्प बसलो.

सनद म्हणजे मला वतनाचा कागद, वकिलाची पाटी.
त्यांच्या यादीत ती साखळी निघाली:
यानं त्याच्याकडून ऐकलं, त्यानं आणखी कुणाकडून.
साखळीच्या टोकाला मत्न, म्हणजे मजकूर.
आधी माणसं तपासायची. मजकूर मग.
खोटं बोलतो का, विसरतो का,
ज्याचं नाव घेतो त्याला कधी भेटला तरी होता का.
उदाहरण द्या, मी म्हटलं.
त्यांनी दिलं. हदीस नव्हे हं, नीट ऐक, नुसतं उदाहरण.

पुढच्या बुधवारी त्यांनी विचारलं, सोळावं पान छापलं?
हो म्हटलं.
नव्हतं छापलं. मशिनवर लग्नपत्रिका चालू होत्या,
वरात दारात होती.
त्यांनी कोरा गठ्ठा पाहिला, चष्मा काढला, पुसला.
रावी म्हणून तू जईफ, एवढंच म्हणाल्या,
आणि चुका न मोजता
पुडा माझ्यापुढे सरकवला.

पुस्तक निघालं. सोळाव्या पानावर एक काना राहून गेलाय,
कुठला ते सांगणार नाही.
आता त्या जिना चढत नाहीत. माझेही गुडघे बोलतात.
नवा पोरगा विचारतो, काका, सनद म्हणजे काय?
त्याला मी ते उदाहरण देतो, कडीला कडी लावून:

मी ऐकलं झैबुन्निसा कोकणींकडून,
त्यांनी त्यांच्या मामांकडून,
मामांनी कथड्यातल्या एका रंगाऱ्याकडून,
रंगाऱ्याच्या पलीकडे साखळी तुटते,
की तो म्हणाला:
ओल्या रंगावर हात फिरवू नये.

शेवटचा रावी जईफ.
नुक्त्याशिवाय.